रूज न्वारचे दोन हात

जुन्या नेलपॉलिशच्या बाटल्या जमवणाऱ्यांत एक नियम कुणी न सांगता सगळ्या पाळतात. बाटली जितकी भरलेली, तितकी तिची किंमत मोठी. मूळ खोका सोबत असेल तर आणखी मोठी, आणि झाकण एकदाही फिरवलेलं नसेल तर विचारायलाच नको. मीही हा नियम मनापासून पाळत होते. शनेल, दिओर, ईव्ह सँ लोराँ या फॅशनघरांच्या नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या बाटल्या माझ्या कपाटात आहेत. त्यांतल्या बहुतेक मी कित्येक वर्षं नुसत्या पुसून परत जागेवर ठेवत आले. आता मी त्या उघडते आणि लावते. विकत घ्यायची वेळ आली तर बंद बाटलीपेक्षा अर्धी वापरलेली बाटली मला जास्त हवीशी वाटते. माझ्यासारखाच नाद असलेल्या मैत्रिणींना हे अजिबात पटलेलं नाही. मत का बदललं ते त्यांच्यासाठी आणि ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठीही नीट सांगावंसं वाटतं.

आधी जुन्या मताची बाजू, कारण ते मत कच्चं नव्हतं आणि त्यातला काही भाग मला आजही मान्य आहे. फॅशनच्या इतिहासात पोशाख जपले जातात, रेखाटनं आणि छायाचित्रं जपली जातात. नखांवरचा रंग मात्र आठवड्याभरात टवके उडून जातो, नाहीतर रिमूव्हरच्या बोळ्यावर पुसला जातो. मागे उरते ती फक्त बाटली. ती उघडली की हवा आत शिरते, द्रावक उडू लागतो, आणि एका काळाचा उरलेला पुरावा आपण आपल्या हौसेपायी संपवू लागतो. असं मी मानत होते आणि कुणी विचारलं तर ठासून सांगतही होते.

पुरावा कशाचा, हे कळायला १९९४ सालाकडे बघावं लागेल. त्या वर्षीच्या हिवाळी संग्रहाच्या शोसाठी शनेलच्या रंगभूषा विभागातल्या दोमिनिक माँकूर्त्वा आणि हायडी मोराविट्झ यांनी मॉडेलच्या नखांना जवळजवळ काळा वाटणारा लाल दिला. त्याचं नाव ‘रूज न्वार’, क्रमांक १८. अमेरिकेत तोच रंग ‘व्हँप’ या नावाने विकला गेला. दुकानांत आला आणि संपला, पुन्हा आला आणि पुन्हा संपला. त्याच वर्षी ‘पल्प फिक्शन’ प्रदर्शित झाला आणि उमा थर्मनच्या त्यातल्या गडद नखांशी या रंगाचं नाव जोडलं गेलं ते कायमचं.

आज गडद नखांचं कुणालाच अप्रूप नाही, त्यामुळे यात एवढं काय, असं वाटू शकतं. पण त्याच्या आधीचा काळ आठवून बघा. क्युटेक्सने १९१७ मध्ये बाटलीतलं द्रवरूप पॉलिश बाजारात आणलं. १९३२ मध्ये चार्ल्स रेव्हसन, त्याचा भाऊ जोसेफ आणि रसायन जाणणारे चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन काढली ती एकाच वस्तूवर, अपारदर्शक नेलपॉलिशवर. लॅकमन यांच्या आडनावातला ‘ल’ कंपनीच्या नावात आहे. रेव्हलॉनने ओठ आणि बोटं एका रंगाची असावीत ही सवय बायकांना लावली. १९५२ ची ‘फायर अँड आइस’ची जाहिरात, रिचर्ड अ‍ॅव्हेडनने काढलेल्या डोरियन लीच्या छायाचित्राची, ही त्या विचाराची सगळ्यात देखणी खूण. नखं ही लिपस्टिकची धाकटी बहीण होती आणि थोरलीचा हात सोडून तिने कुठे जायचं नाही असा रिवाज होता. सत्तरच्या दशकात पंक मंडळींनी काळी नखं रंगवली खरी, पण ते बंडखोरांचं मंचावरचं नि गल्लीतलं काम. पॅरिसच्या सगळ्यात प्रतिष्ठित घराच्या काउंटरवर, चौकोनी काचेच्या बाटलीत, काळपट रक्तासारखा रंग मिळू लागला तेव्हा बँकेत काम करणारी बाईसुद्धा तो लावून कामावर जाऊ लागली.

एकदा दार उघडल्यावर बाकीचे रंग आलेच. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये शिकणाऱ्या दिनेह मोहाजेर या मुलीने आपल्या सँडलला जुळेल असा फिका निळा घरी कालवला आणि त्यातून ‘हार्ड कँडी’ उभी राहिली. पुढच्या वर्षी ‘अर्बन डिके’ आली, गुलाबीचा उघड तिटकारा करत. मग पुन्हा शनेल : २००६ चा ‘ब्लॅक सॅटिन’, २००९ चा फिकट पुदिन्याच्या रंगाचा ‘जेड’, २०१० चा राखाडी-तपकिरी ‘पार्तिक्युलिएर’, क्रमांक ५०५. शेवटचे दोन शनेलच्या रंगभूषेचे तेव्हाचे प्रमुख पीटर फिलिप्स यांच्या कारकिर्दीतले. ‘जेड’ मर्यादित संख्येत निघाला, लगेच संपला आणि मग इंटरनेटवर मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने फिरत राहिला. नखांवर हिरवा-करडा रंग लावणं ही आता सोळा वर्षांच्या मुलीलाही साधी गोष्ट वाटते. ती साधी कधी आणि कुणामुळे झाली, याची साक्ष त्या तेरा मिलिलिटरच्या बाटल्या देतात. त्या फोडाव्यात असं मला कसं वाटलं असतं?

त्यात भारतात राहून हा नाद करायचा म्हणजे प्रत्येक बाटली मुश्किलीने मिळणार. नेलपॉलिश ज्वलनशील, त्यामुळे टपालाने पाठवता येत नाही आणि कुरिअरवाले नाव ऐकताच हात वर करतात. ती येते माणसाबरोबर, सामानात, मोज्यांत गुंडाळून. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे लॅक्मे होतं. १९५२ मध्ये टाटांनी सुरू केलेलं ते घर आपलंच, आणि माझं पहिलं नेलपॉलिश त्यांचंच, काचेच्या छोट्या बाटलीतलं लालचुटुक. शनेलची बाटली मी पहिल्यांदा पाहिली ती मुंबईत हाजीअलीच्या हिरा-पन्नात, ‘फॉरेन’चा माल विकणाऱ्या एका दुकानात, काचेच्या आड. किंमत ऐकून मी बाहेर पडले. ती बाटली खरी होती की नक्कल हे आज सांगता येणार नाही, पण तिचं चौकोनी काळं झाकण डोळ्यांसमोर राहिलं. इतक्या लांबून आणि इतक्या मिनतवारीने आलेली वस्तू लावून संपवायची, हा विचारच माझ्या मनाला शिवत नव्हता.

माझं मत बदललं ते हौसेने किंवा वयाने नाही. ते माझ्या कामाने बदललं, आणि त्याला निमित्त झाली वहिनी.

मी पुण्याजवळच्या एका शाईच्या कारखान्यात रंग जुळवण्याचं काम केलं. वेफर्सच्या, बिस्किटांच्या, दुधाच्या पिशव्यांवर जी छपाई असते त्या पातळ शाईचं. ही शाई आणि नेलपॉलिश एकाच कुळातली. दोन्हींत बांधणारा पदार्थ नायट्रोसेल्युलोज, दोन्हींत द्रावक म्हणून इथाइल अ‍ॅसिटेट. कारखान्यात नायट्रोसेल्युलोज आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापसासारखं पिंपांतून येतं, कारण कोरडं झालं तर ते क्षणात पेट घेतं. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेचं दार उघडलं तेव्हा नाकात शिरलेला वास मला ओळखीचा वाटला, तो यामुळेच.

आमच्या प्रयोगशाळेत नव्या मुलाला सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवली जायची : शाई डब्यात बघून रंगाबद्दल तोंड उघडायचं नाही. डब्यातला रंग रंगच नव्हे. थेंब फिल्मवर टाकायचा, तार गुंडाळलेल्या बारने ओढायचा, वाळू द्यायचा, मग उजेडात धरायचा. याला ड्रॉडाउन म्हणतात. जाड थरात दिसतो तो मासटोन, पातळ थरात दिसतो तो अंडरटोन, आणि कित्येक रंगांत या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वाटतही नाही. डब्यात काळा दिसणारा निळा ओढल्यावर जांभळ्याकडे झुकतो. दोन लाल डब्यांत जुळे दिसतात, पण ओढले की एक केशरी आणि एक किरमिजी निघतो. ग्राहक नमुना नाकारतो तो बहुतेक वेळा अंडरटोनवरून. मी दिवसभर हे करत होते, शिकवत होते, आणि संध्याकाळी घरी येऊन बंद काचेतून रंग बघत होते. हे दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदत होतं.

मग वहिनी न्यू जर्सीहून आली. तिथे एखादी वृद्ध व्यक्ती गेली किंवा घर सोडून दुसरीकडे राहायला गेली की घरातलं सगळं सामान जागेवरच विकायला काढतात. तशा एका विक्रीत तिला ‘व्हँप’ची खोक्यातली बाटली मिळाली होती, न उघडलेली. फोनवर तिने सांगितलं तेव्हापासून मी वाट बघत होते. ती आली, बॅगा उघडल्या, खोका माझ्या हातात दिला, आणि माझी नजर तिच्या बोटांकडे गेली.

“वहिनी, तू उघडलीस?”

“हो, लावून बघितलं. विमानात बसायच्या आदल्या रात्री. डाव्या हाताला एकच हात झाला, तेवढ्यात तुझ्या दादाचा फोन आला, ते राहिलंच. उजव्याला दोन दिले. का गं, लावायचं नव्हतं?”

मी काही बोलले नाही. बोलले असते तर कडवट बोलले असते. रात्री जेवताना ट्यूबच्या उजेडात तिची दहाही नखं मला काळी दिसत होती आणि माझं जेवणात लक्ष नव्हतं. सकाळी ती गॅलरीत कोवळ्या उन्हात चहा घेत उभी होती. डाव्या हाताने कप धरला होता. त्या नखांतून उजेड आरपार जात होता आणि ती लाल होती. पिकलेल्या करवंदाचा रस बोटाला लागतो तसा लाल, कडांना फिका, मध्ये गडद. उजवा हात कठड्यावर होता. तिथे दोन हात बसले होते आणि रंग बंद झाला होता, काळाच, फक्त नखाच्या टोकाला जिथे ब्रश नीट पोचला नव्हता तिथे लालीची एक बारीक रेघ.

माझ्यासमोर ड्रॉडाउन उभा होता. अंडरटोन डावीकडे, मासटोन उजवीकडे.

रूज न्वार हे नाव मी किती वेळा उच्चारलं असेल. लाल-काळा. ते दोन रंग त्यात आहेत, पण एका वेळी नाहीत. पहिला हात लाल आणि दुसरा काळा. दुसरा हात किती जाड द्यायचा, हे लावणारी बाई ठरवते, म्हणजे तो रंग किती काळा असावा हे तीच ठरवते. शनेलने बाटलीत भरली ती शक्यता. माझ्या कपाटातल्या बंद बाटल्यांत तो रंग कधी नव्हताच. काचेतून अर्धा इंच जाडीचा थर बघितला तर कुठलाही गडद रंग काळाच दिसणार. मी जपत होते तो पुरावा अर्धा होता, आणि उरलेला अर्धा फक्त नखावरच घडू शकतो.

फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेल्लीने १९३६-३७ च्या हिवाळ्यासाठी काळे हातमोजे केले होते, त्यांच्या बोटांवर लाल सापाच्या कातड्याची नखं शिवलेली. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात ते आहेत. ते हातमोजे रिकामे मांडून ठेवले तरी पुरे वाटतात, कारण नखं त्यांच्यावर आहेतच. नेलपॉलिशच्या बाटलीचं तसं नाही. ती हाताशिवाय पुरी होत नाही.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट होती, तीही मला व्यवसायाने माहीत असलेली. बंद बाटली टिकते हा समज आहे. झाकणाच्या आट्यांतून द्रावक उडतच राहतो, सावकाश, पण न थांबता. हलका इथाइल अ‍ॅसिटेट आधी जातो, जड ब्युटाइल अ‍ॅसिटेट मागे राहतो, त्यामुळे जुनं पॉलिश घट्ट होतं आणि वाळायलाही जास्त वेळ घेतं. रंगद्रव्य तरंगत ठेवायला त्यात खास प्रक्रिया केलेली चिकणमाती घालतात. ती हलवल्यावर सैल आणि ठेवल्यावर घट्ट होते. वर्षानुवर्षं न हललेल्या बाटलीत ती दमते, रंग तळाशी बसतो, वर पिवळट पाणी दिसू लागतं. उजेडात ठेवली तर काही लाल आणि गुलाबी फिके पडतात. मी ज्या बाटल्या पुसून परत ठेवत होते त्यांची पातळी दरवर्षी थोडी खाली जात होती. मी न लावता त्या संपत होत्या.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला नायट्रोसेल्युलोज टिकत नाही हे वेगळं सांगायला नको. जुने चित्रपट ज्या फिल्मवर असत ती याच पदार्थाची. २००३ च्या जानेवारीत इथे नायट्रेट फिल्म ठेवलेल्या जागेला आग लागली आणि मराठी-हिंदी चित्रपटांचा अमोल ठेवा गेला. आग लागली नाही तरी ती फिल्म आतून आम्ल सोडत पिवळी, चिकट, भुसभुशीत होत जाते. पण चित्रपटाची प्रत दुसऱ्या फिल्मवर काढता येते आणि चित्रपट वाचतो. नेलपॉलिशची प्रत निघत नाही. कंपनीने तोच रंग पुन्हा काढला तरी मधल्या काळात कायदे बदललेले असतात, सूत्र बदललेलं असतं, ब्रश बदललेला असतो. २०१५ मध्ये शनेलने रूज न्वारभोवतीच एक अख्खा संग्रह काढला तेव्हा मला आनंद झाला होता, पण तो २०१५ चा रूज न्वार होता. जुना ज्या बाटल्यांत आहे तेवढ्याच बाटल्यांत आहे, आणि त्याला ठरावीक आयुष्य आहे. त्या आयुष्यात तो कधीतरी एका नखावर जावा, असं मला आता मनापासून वाटतं.

लावायला लागल्यावर ज्या गोष्टी कळल्या त्या बाटलीकडे बघून जन्मात कळल्या नसत्या. नव्वदच्या दशकातल्या शनेलचा ब्रश बारीक आणि गोल. आजचे रुंद, चपटे ब्रश एका ओढीत नख झाकतात, तर जुन्याला तीन ओढी लागतात : मध्ये एक, बाजूंना दोन. त्यासाठी हात स्थिर लागतो आणि वेळ लागतो. दोन हातांच्या मध्ये थांबावं लागतं, ती गडबडीतली गोष्टच नव्हे. त्या काळात बायका नखं रंगवून अर्धा तास कशाला हात लावत नसत, ते नखऱ्यासाठी नाही, पॉलिशच तसं होतं. चौकोनी झाकण वर ओढलं की आत दुसरं, छोटं झाकण निघतं, कारण चौकोनी झाकण धरून बारीक ब्रश फिरवणं अवघड. कुणीतरी हाताचा विचार करून ही बाटली घडवली होती, आणि मी ती कधी हातात धरून वापरलीच नव्हती.

आणि ‘जेड’! आपल्या स्वयंपाकघरात तो टिकत नाही. पहिल्यांदा लावला त्या दुपारी वरण-भात कालवून जेवले आणि त्या फिकट हिरव्यावर हळदीची झाक चढली, घासूनही न जाणारी. फिक्या रंगांवर हळद बसते हे इथे प्रत्येक बाईला माहीत आहे. पॅरिसमध्ये तो रंग ज्यांनी कालवला त्यांच्या ताटात हळद नव्हती. वर टॉप कोटचा एक हात दिला की डाग वरच्या वर राहतो, आणि तो थर नवा असला तरी चालतो. मला त्या पिवळट हिरव्याचा राग आला नाही. तो रंग पहिल्यांदा माझ्या घरातला वाटला.

आता तब्येतीचं, कारण त्याबद्दल गप्प राहणं बरोबर होणार नाही. जुन्या पॉलिशांत टोल्युइन असू शकतं, आणि थर लवचीक राहावा म्हणून डायब्युटाइल थॅलेट घालत. प्रजननावरच्या परिणामांमुळे युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशाने सौंदर्यप्रसाधनांतून या थॅलेटला मनाई केली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनीही ते काढून टाकलं. बाटली किंवा खोक्यावर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात महिन्यांचा आकडा असेल तर ती बहुधा २००५ नंतरची, कारण युरोपात तेव्हापासून ती खूण सक्तीची झाली. नसेल तर जुनी समजून चालावं. मी जुनी पॉलिशं खिडकी उघडी ठेवून लावते, नखं खायची सवय असलेल्या भाचीला लावू देत नाही, आणि गरोदर बाईने त्यांच्या वाटेला जाऊ नये असं स्पष्ट सांगते. नवं म्हणजे आपोआप निर्धोक, असं मात्र मी मानत नाही. सलूनमधल्या जेल पॉलिशमध्ये वापरलं जाणारं टीपीओ नावाचं रसायन युरोपात सप्टेंबर २०२५ पासून बंद झालं आहे, तोवर ते सर्रास चालू होतं.

अर्ध्या वापरलेल्या बाटलीचं प्रेम मला नंतर लागलं. बाजारात तिला किंमत नाही, म्हणून ती स्वस्तात मिळते हे खरं, पण कारण ते नाही. वापरलेल्या बाटलीच्या मानेवर वाळलेल्या रंगाचे थर असतात, ब्रशचे केस एका बाजूला वळलेले असतात, लेबलवरची सोनेरी अक्षरं अंगठ्याच्या जागी पुसलेली असतात. कुणीतरी हा रंग पुन्हा पुन्हा निवडला होता. ‘पार्तिक्युलिएर’ची माझ्याकडची बाटली तळाशी थोडासाच रंग उरलेली अशी आली. जिची होती तिने तो करडा रंग पहिल्या लाटेत घेतला असेल, लोकांनी ‘हा कसला चिखलाचा रंग’ म्हटलं असेल, तरी तिने तो जवळजवळ संपवला. फॅशन बदलते ती शोमध्ये नाही, या पातळी उतरलेल्या बाटल्यांत बदलते. भरलेली बाटली फार तर एवढं सांगते की रंग विकायला निघाला होता. तो लोकांनी आपलासा केला की नाही, हे रिकाम्या जागेवरून कळतं. पुरावाच हवा असेल तर मला हा जास्त भक्कम वाटतो.

मैत्रिणींचा एक आक्षेप मला आजही खोडता येत नाही. सगळ्यांनी तुझ्यासारखं केलं तर पुढच्या पिढीला काय दिसणार? मला वाटतं, ते काम संग्रहालयांनी करावं आणि काही करतातही. वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्टरीत सौंदर्यप्रसाधनांचा मोठा संग्रह आहे आणि त्यात जुनी नेलपॉलिशं आहेत. तिथे तापमान राखणारी, नोंद ठेवणारी माणसं आहेत. माझ्या पुण्यातल्या लोखंडी कपाटात एप्रिल-मे महिन्यात जे तापमान असतं त्यात जपण्याची भाषा करणं मला आता कठीण वाटतं. मी माझ्या परीने एक करते : प्रत्येक बाटली उघडली की पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर एका टोकाला एक हात, दुसऱ्या टोकाला दोन, असं ओढून, मागे तळावरचा बॅच क्रमांक लिहून काळ्या कागदाच्या पाकिटात ठेवते. ज्या मैत्रिणीला बंद बाटल्याच आवडतात, तिला माझ्याकडची दिओरची एक खोक्यासकट देऊन टाकली. ती ठेवेल. तिचंही चूक आहे असं मी म्हणणार नाही.

कुणाला आपल्याकडची जुनी बाटली उघडायची असेल तर झाकणाशी झटापट करू नये, काच मानेपाशी तडकते. बाटली उलटी धरून नुसती मान कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवावी, मग रबरी हातमोजा घालून फिरवावी. जवळपास दिवा, उदबत्ती, गॅस काही नको. उघडल्यावर मान रिमूव्हरने पुसून घ्यावी, नाहीतर झाकण पुन्हा घट्ट बसत नाही. आत मात्र रिमूव्हर घालायचा नाही. त्यातल्या अ‍ॅसिटोनने थराचा मेळ बिघडतो आणि चमक जाते. इथाइल आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेटचा नेलपॉलिश थिनर मिळतो, त्याचे दोन-तीन थेंब टाकावेत, बाटली दोन तळहातांमध्ये फिरवावी, जोरात हलवू नये, आणि रात्रभर ठेवून द्यावी. सकाळी पातळ वाटलं नाही तर आणखी दोन थेंब. पहिला हात अगदी पातळ द्यावा, आणि त्याआधी बेस कोट चुकवू नये, कारण जुने लाल नखात मुरतात आणि त्यांचा पिवळा डाग नख वाढून जाईपर्यंत जात नाही.